‘उचल्या’ या शब्दाचा पंचनामा

मराठीत चोरीच्या शब्दांना तोटा नाही. चोरणे, उचलणे, ढापणे, लांबवणे, लाटणे, हात मारणे, डल्ला मारणे, लंपास करणे अशी क्रियापदांची रांगच लागते. हे सारे शब्द कोशात शेजारी शेजारी बसतात, पण समाजात त्यांची पंगत वेगवेगळी आहे. कोणता शब्द कोणासाठी वापरायचा हे भाषेला पक्के ठाऊक असते. पाच रुपयांची वस्तू गेली तर ती ‘उचलली’ जाते. पाच लाख गेले तर त्यांचा ‘अपहार’ होतो. पाच कोटी गेले की ‘गैरव्यवहार’ होतो आणि त्याहून जास्त गेले की ‘घोटाळा’ होतो. घोटाळा या शब्दाचा मूळ अर्थ गोंधळ. हिशेबात कुठे गफलत झाली असावी, आकडे जरा इकडचे तिकडे झाले असावेत, एवढेच तो शब्द सुचवतो. चोरी जसजशी मोठी होते तसतशी ती बोलीतून उठून संस्कृताच्या ओसरीवर जाऊन बसते, आणि तिथे गेली की ती चोरी राहत नाही.

हा फरक केवळ शिष्टाचाराचा नाही. लहान चोरीचा शब्द माणसाला चिकटतो आणि मोठ्या चोरीचा शब्द कृतीला चिकटतो. अपहार घडतो, तो करणाऱ्याची जात घडत नाही. वृत्तपत्रे ‘घोटाळेबाज’ असा शब्द बनवतात खऱ्या, पण तो त्या एका इसमापुरता असतो आणि खटला थंड झाला की तोही थंड होतो. त्याच्या मुलाला शाळेत कोणी ‘घोटाळेबाजाचा’ म्हणून ओळखत नाही. याउलट ‘उचल्या’, ‘भामटा’ हे शब्द पहा. मराठी कोशात ‘भामटा’ हा ठक म्हणून येतो आणि जात म्हणूनही येतो. बेरड ही जात. पण कोडग्या, निगरगट्ट माणसाला ‘बेरड’ म्हणताना पांढरपेशा मराठी माणसाची जीभ अडखळत नाही. येथे कृतीचे नाव माणसाला, माणसाचे नाव जातीला आणि जातीचे नाव पुन्हा शिवीला दिले गेले आहे. चोरी कोणी केली हे शोधण्याचे कष्ट मग राहतच नाहीत. शब्दानेच तपास पुरा केलेला असतो.

आमच्या लोहाऱ्याचे उदाहरण घेऊ. लोहारा यवतमाळ शहराला लागून आहे. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला कापसाची, तुरीची वावरे. इथल्या वऱ्हाडी बोलीत किरकोळ चोरासाठी राजमान्य शब्द आहे ‘चोट्टा’. प्रमाण मराठीतला ‘चोरटा’ कवितेत गेला आणि सभ्य झाला. चोरटी नजर, चोरटा स्पर्श, क्रिकेटमधली चोरटी धाव यांत आता कोणाला गुन्हा दिसत नाही. चोट्टा मात्र गावातच राहिला. पण या एकाच शब्दाच्या गावात दोन किमती आहेत. घरचे पोट्टे डब्यातला लाडू खाऊन पळाले की आजी कौतुकाने म्हणते, “मोठा चोट्टा हाय पोट्टा!” तोच शब्द बेड्यावरच्या पारध्याच्या पोराला लागला की त्याच्या मागोमाग काठी येते. पहिल्या ठिकाणी तो विशेषण आहे, दुसऱ्या ठिकाणी तो फिर्याद आहे. शब्द एकच, उच्चार एकच. ज्याच्यावर तो पडतो त्याच्या पाठीमागे कोण उभे आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत संदर्भाने अर्थ बदलतो असे शिकवले जाते. आपल्याकडे तो संदर्भ बहुधा जात हाच असतो, हे मात्र कोणी शिकवत नाही.

याच वावरातले दुसरे उदाहरण सरव्याचे. पीक निघाल्यावर रानात जे उरते, सांडते, ते वेचून नेणे म्हणजे सरवा. भूमिहीन बाईच्या चुलीला या सरव्याचा आधार असे. पण सरवा कुठे संपतो आणि चोरी कुठे सुरू होते? मालक म्हणाला “ने वेचून”, तर सरवा. मालकाचे डोके फिरले, तर त्याच बाईच्या ओटीतली तीच मूठभर कपाशी चोरी. वस्तू बदलली नाही, हात बदलला नाही; फक्त मालकाचा शब्द बदलला. आता हाच कापूस बाजारात न्या. नमुना म्हणून मूठ मूठ काढली जाई, वजनात कडता धरला जाई, काटा मारला जाई. शेतकऱ्याचे यात किती गेले त्याचा हिशेब नाही. पण भाषेने त्याला ‘नमुना’ म्हटले, ‘कडता’ म्हटले, ‘घट’ म्हटले. ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार आहे. काटा मारणाऱ्यांची जात मात्र नाही. ओटीतल्या मुठीला चोरी म्हणणारी आणि काट्यावरच्या मुठीला रिवाज म्हणणारी ही भाषा तटस्थ आहे असे म्हणणाऱ्या समीक्षकाने एकदा सरवा वेचायला यावे.

आता मूळ धातूकडे वळू. ‘उचल’ हा मराठीतला साधा, कष्टकऱ्यांचा धातू. हमाल पोते उचलतो, बाई पाटी उचलते. पण गावगाड्याने या धातूला तीन वेगवेगळ्या कामांना जुंपले.

पहिली ‘उचल’ ही आज्ञा आहे. उष्ट्या पत्रावळी उचल, मेलेले जनावर उचल, मैला उचल. ज्याला कोणी हात लावणार नाही ते उचलण्याचा हुकूम ज्यांना होता, त्यांनी दुसऱ्या कशाला हात लावला की तो विटाळ होता. दुसरी ‘उचल’ हे कर्ज आहे. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो, सालगडी मालकाकडून उचल घेतो. पाडव्याला साल ठरते, उचल हाती पडते, आणि वर्षभर ती फिटत नाही. ही उचल घेणारा पैसा उचलत नाही, स्वतःलाच उचलून मालकाच्या दारी ठेवतो. तिसरी ‘उचल’ हा गुन्हा. जो हुकमाशिवाय उचलतो तो उचल्या.

हुकमाने उचलले तर सेवा, आगाऊ उचलले तर वेठ, पोटासाठी उचलले तर चोरी. तिन्ही ठिकाणी वाकणारी पाठ एकाच थरातली आहे. १९२७ साली महाड येथे बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांना मृतमांस सोडा, गावकीची हलकी कामे टाका, असे सांगितले. भाषेच्या अंगाने पाहिले तर तो पहिल्या ‘उचल’ला दिलेला नकार होता. आज्ञार्थी क्रियापद नाकारणे म्हणजे काय, हे त्या दिवशी मराठी भाषेला प्रथम कळले असेल.

पांढरपेशा वाङ्मयालाही हा धातू परका नाही. दुसऱ्याची कल्पना, कथानक, कधी उतारेच्या उतारे घेतले की साहित्यिक गप्पांत त्याला ‘उचलेगिरी’ म्हणतात. पण हे गप्पांत. छापायची वेळ आली की ‘वाङ्मयचौर्य’ हा भारदस्त शब्द येतो, आणि मित्राबद्दल लिहायचे असेल तर ‘प्रभाव’, ‘रूपांतर’, ‘आधारित’. चौर्य हा शब्द तर एका कलेसारखा वाटतो. उचलेगिरीची शिक्षा झालेला साहित्यिक ठाण्यात हजेरी देताना कोणी पाहिला आहे काय?

या पार्श्वभूमीवर लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन पाहिले पाहिजे. ते १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांची नावे एका ओळीत मांडली तर एक गोष्ट दिसते. ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ आणि ‘बेरड’ (दोन्ही १९८७). समाजाने फेकून मारलेले शब्द लेखकांनी उचलून मुखपृष्ठावर ठेवले. पण या ओळीत ‘उचल्या’ वेगळा आहे. ‘उपरा’ हा शब्द जागा सांगतो, माणूस कुठलाच नाही असे म्हणतो. ‘अक्करमाशी’ हा मापाचा शब्द. बारा माशांचा तोळा, त्याला एक मासा कमी, म्हणजे जन्मच उणा. हे दोन्ही शब्द जन्माबद्दल बोलतात आणि तसे कबूलही करतात. ‘उचल्या’ मात्र कृतीचा शब्द असल्याचा आव आणतो आणि जन्माला शिक्षा करतो. ज्याने अजून काहीही उचललेले नाही, जो अजून रांगतो आहे, तोही उचल्याच. व्याकरणात हे कर्तृवाचक नाम असेल. व्यवहारात हे जन्मनाम आहे.

गायकवाडांनी केलेली गोष्ट वरवर साधी आहे. तृतीयपुरुषी शिवी त्यांनी प्रथमपुरुषी केली. “तो उचल्या आहे” हे वाक्य गावाचे, पाटलाचे, पोलिसाचे. “मी उचल्या” हे वाक्य लेखकाचे. पुरुष बदलताच वाक्याचा साक्षीदार बदलतो, आणि पंचनामा आता आरोपी लिहू लागतो. लातूर तालुक्यातल्या धनेगावचा हा मुलगा घरातला पहिला शाळेत जाणारा. तो शाळेत जातो म्हणून वस्तीतल्या मुलांना रोगराई झाली, असा ठपका जातीतले लोकच ठेवतात. मारापुढे टिकावे म्हणून लहान मुलांना आपलीच माणसे आधी मारून पाहतात. चोरी हा येथे मोह नाही. ती तालमीने, धाकाने, उपाशी पोटाने शिकवलेली वहिवाट आहे, आणि तिच्यातला मोठा वाटा खाकी कपड्यांकडे जातो. पुढे तो लातूरच्या सूतगिरणीत कामगार होतो, संघटनेत पडतो, आणि चोरी कशाला म्हणायचे याची त्याची समजच बदलत जाते. मजुराच्या घामातून कमी दिलेली मजुरी हीसुद्धा उचलच, हे तिथे कळू लागते. माझ्या मते पुस्तकाचा खरा कणा येथे आहे. दारिद्र्याच्या वर्णनाने डोळे पुसणाऱ्या वाचकाच्या नजरेतून नेमका हाच भाग निसटला.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) येथे आठवणे अपरिहार्य आहे. फकिराही लुटतो, दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, इंग्रजी सत्तेविरुद्ध उभा राहतो. मांगांना द्यावी लागणारी हजेरी त्या कादंबरीतही आहे. पण फकिराची लूट मोठी आहे, घोड्यावरची आहे. म्हणून तिला बंड म्हणता येते, तिचा पोवाडा होतो. आठवडी बाजारातले गाठोडे, यात्रेतला खिसा, खळ्यावरचे पायलीभर दाणे यांचा पोवाडा होत नाही. लहान चोरीला वीररस परवडत नाही. ‘उचल्या’ने हा वीररसाचा आधार न घेता लहान चोरी लहानच ठेवली. तिला बंडाचे कपडे चढवले नाहीत, पश्चात्तापाचेही चढवले नाहीत. दलित साहित्याच्या समीक्षेत ‘विद्रोह’ या शब्दाचा इतका गजर झाला की ज्याला विद्रोह करण्याइतकीही उसंत नव्हती, त्या माणसाचे मोजमाप करायला आपल्याकडे शब्दच उरले नाहीत. हा दोष आपल्या समीक्षेचा आहे, त्या पुस्तकाचा नाही.

या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद झाला तेव्हा त्याचे नाव ठेवले गेले ‘द ब्रँडेड’, म्हणजे डागलेला. मराठी नाव त्याने काय केले ते सांगते, इंग्रजी नाव त्याला काय केले गेले ते सांगते. इंग्रजी नाव अधिक न्यायाचे आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ‘डागलेला’ म्हटले की दया येते आणि डागणारा अदृश्य होतो. ‘उचल्या’ म्हटले की ज्याच्या तोंडात हा शब्द रोज असतो तो वाचक स्वतःच पकडला जातो. मराठी नावातली ही धार मराठी वाचकासाठीच आहे.

शब्द असे हवेत तरंगत नसतात, त्यांना कायद्याचे पाय असतात. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याजोगा झाला. १९२४ मध्ये पुन्हा एकत्र बांधला गेला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असे त्यामागचे गृहीतक होते. हा तर्क साहेबाला विलायतेहून आणावा लागला नाही. वर्णव्यवस्थेने तो तयारच ठेवला होता. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांचा एकत्र विचार केला आणि ज्या संस्कृतीतून असे समूह तयार होतात तिला संस्कृती का म्हणावे, असा सवाल केला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि हे समाज ‘विमुक्त’ झाले. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. ‘जन्मजात’ हा शब्द गेला आणि ‘सराईत’ हा शब्द आला. ठाण्यातली वही तीच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाविरुद्ध निकाल दिला आणि तुरुंगांच्या नोंदींतला जातीचा रकाना काढायला सांगितले. विमुक्तांना सराईत मानण्याची खोड अजून जिवंत असल्याचेच त्या निकालाने दाखवून दिले.

आता एक शासकीय यादी वाचू. महाराष्ट्रात १४ विमुक्त जाती आहेत. त्यांत ‘भामटा’ या नोंदीखाली पोटनावे आहेत: भामटी, गिरणी वडार, कामाटी, पाथरूट, टकारी, उचले, घंटीचोर. शेवटची दोन नावे पुन्हा वाचावीत. जातीच्या दाखल्यावर, म्हणजे फी माफीच्या, वसतिगृहाच्या, नोकरीच्या कागदावर, शासनाच्या शिक्क्यासह ‘चोर’ हे अक्षर छापले जाऊ शकते. प्रवेशाच्या दिवसांत कारकुनाने दाखला मोठ्याने वाचला की रांग कशी वळून पाहते, हे शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने आपला हक्क घ्यायचा असेल तर आधी शिवी घ्यायची, असा हा सौदा आहे.

आणि गंमत अशी की त्याच ओळीत ‘टकारी’ हाही शब्द आहे. टाकी घेऊन जात्या-पाट्यांना टाके घालणारा तो टकारी. आमच्या वऱ्हाडात हेच काम करणारे टाकणकार. त्यांची नोंद पारध्यांसोबत अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. एकाच माणसाच्या हाताला दोन नावे उपलब्ध होती, दगडावरच्या कामाचे आणि बाजारातल्या चोरीचे. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थंडावली, टाकीचे काम गेले. कामाचे नाव कोशात गेले आणि गुन्ह्याचे नाव लोकांच्या तोंडात राहिले. समाज कोणत्या नावाने माणसाला हाक मारायची याची निवड करतो, आणि ती निवड निरागस नसते. आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. ते बंजारा समाजाचे, आणि बंजारा ही या १४ विमुक्त जातींपैकीच एक. इतकी वर्षे मुख्यमंत्रिपद घरी येऊनही या शब्दांचा डंख गेला नाही. सत्ता मिळाली म्हणून शब्दकोश आपोआप बदलत नाही.

नवा कायदाही या दृष्टीने वाचला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये, चोरी ५,००० रुपयांहून कमी किमतीची असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि वस्तू वा किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. हे माणुसकीचे पाऊल आहे. पण त्याच संहितेच्या कलम ११२ मध्ये किरकोळ संघटित गुन्ह्याची व्याख्या आहे. खिसेकापूपणा, दुकानातली उचल यांसारखे गुन्हे गटाने वा टोळीने केले तर किमान १ आणि कमाल ७ वर्षे. म्हणजे एकाच खिशासाठी सेवा किंवा सात वर्षे, आणि बऱ्याच अंशी फरक ‘टोळी’ या शब्दाचा. एकट्या पोराला एकटा समजणे आणि पालावरच्या पोराला टोळी समजणे ही सवय ज्या समाजाच्या हाडात आहे, तिथे या दोन कलमांपैकी कोणते कोणाला लागेल याची काळजी वाटणे गैर नाही. आपली वृत्तपत्रे तर आधीच तयार आहेत. भुरट्या चोरांचा ‘सुळसुळाट’ होतो, त्यांच्या ‘मुसक्या आवळतात’, ते ‘जेरबंद’ होतात. सुळसुळाट उंदरांचा, मुसक्या गुरांच्या, जेरबंद जनावर. मोठ्या अपहारातल्या इसमाला मात्र ‘अटक’ होते, आणि बहुधा छातीत कळ येऊन तो ‘दाखल’ होतो.

तेव्हा मागणी काय? हे शब्द कोशातून खरवडून काढा, असे मी म्हणणार नाही. शब्द पुसला की पुरावा पुसला जातो. ‘उचल्या’ हे नाव मुखपृष्ठावर राहिलेच पाहिजे, कारण तिथे ते साक्ष देते. दाखल्यावर ते राहता कामा नये, कारण तिथे ते शिक्षा देते. त्या यादीतल्या पोटनावांचा फेरविचार व्हावा, आणि एकाही माणसाची सवलत त्या बदलात अडकणार नाही अशी तजवीज आधी व्हावी. नाही तर नाव गेले आणि हक्कही गेला असे व्हायचे. कोशकारांनी अशा शब्दांपुढे केवळ ‘चोर’ लिहून थांबू नये. तो शब्द कोणी, कोणाला, केव्हापासून लावला हेही लिहावे. मराठीच्या प्राध्यापकांनी ‘उचल्या’ शिकवताना मुलांना रडवू नये. चोरणे, लाटणे, अपहार, कडता, घोटाळा हे सारे शब्द फळ्यावर एका ओळीत मांडावेत आणि प्रत्येकापुढे कोणाचा हात दिसतो ते मुलांना विचारावे.

आपल्या भाषेने लहान हातांची नोंद फार काटेकोरपणे ठेवली आहे. आता मोठ्या हातांनाही त्याच बोलीत, त्याच रोखठोक क्रियापदाने नावे द्यायला लेखकांनी सुरुवात करावी.